सहावा बोल्ट

गंजाचं नाव काढलं की मित्सुरू ओनोझुकाच्या कपाळावर आठी चढायची. अडतीस वर्षं त्याने दुसऱ्याच्या गॅरेजात पत्र्याचं आणि रंगाचं काम केलं होतं. उओनुमाच्या खोऱ्यात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून कुरतडत जातं, हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असणार? पुतणीच्या लग्नाच्या मेजवानीतून हा पठ्ठ्या मध्येच उठून पार्किंगमध्ये गेला, पाहुण्यांच्या गाड्यांच्या कडा बोटांनी चाचपून आला आणि व्याह्यांना म्हणाला, "तुमच्या पांढऱ्या गाडीची दोन वर्षं राहिलीत." बायकोने, फुमिएने, टेबलाखालून असा चिमटा काढला की डाग आठवडाभर राहिला. असला किरकिऱ्या माणूस. पण त्याचं काम बघून तोंडात बोट घालावं.

त्या कामात एके ठिकाणी त्याने काय करून ठेवलं होतं, ते गेलं वर्षभर एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

गाडी फुमिएच्या धाकट्या भावाची, नोरियुकीची. दोनच माणसं बसतील अशी, टपाची घडी होणारी, पुढचे दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येणारी जुनी स्पोर्ट्स कार. नोरीचं सोबा शेवयांचं छोटंसं दुकान होतं. लग्नबिग्न त्याने केलं नाही, आणि पन्नाशी आल्यावर हे खेळणं भंगारवाल्याच्या आवारातून उचलून आणलं. त्यातही गंमत म्हणजे गिअर ऑटोमॅटिक.

"स्पोर्ट्स कार आणि ऑटोमॅटिक?" मित्सुरू त्याला चिडवायचा. "त्यापेक्षा आजोबांची आरामखुर्ची घ्यायचीस. तिलाही गिअर नसतात."

"दाजी, एका हातात सिगारेट असते माझ्या. गिअर काय दाताने टाकू?"

दोन उन्हाळे तिघं त्या गाडीमागे लागले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मित्सुरू सडलेला भाग कापायचा, नवा जोडायचा, घासायचा, रंगवायचा. तारांचं काम फुमिएचं. नदीकाठच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं ती गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधत होती; कुठली तार कुठे जाते हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. आणि नोरीचं काम म्हणजे दुपारी शेवया उकडून आणणं आणि अखंड बडबड करणं.

फुमिएने सगळ्या तारा नव्याने ओवल्या. अर्थिंगच्या सहा जागा होत्या. तिथे तारेच्या टोकाची कडी उघड्या पत्र्यावर ठेवून बोल्टने आवळायची असते. मध्ये रंग आला की वीज अडते आणि दिवे जातात. म्हणून रंगकामाच्या आधी तिने सहाही जागांवर चिकटपट्टीच्या गोल टिकल्या लावल्या आणि नवऱ्याला बजावलं, "अहो, जिथे टिकली आहे तिथे रंगाचा थेंबसुद्धा नको. मला तुमचा स्वभाव ठाऊक आहे."

पाच टिकल्या त्याने पाळल्या. सहावी डिकीत होती, डाव्या कोपऱ्यात. तिथला पत्रा इतका सडला होता की बोट आरपार जायचं. चार दिवस खपून त्याने नवा तुकडा वेल्ड केला, सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडणार नाही असा घासला, आणि मग ती टिकली बघून त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली. जिथे पाणी साचणार नेमका तिथेच पत्रा उघडा ठेवायचा? म्हणजे गंजाला पाट मांडून बसवायचं! आत्ता रंगवून टाकू, बोल्ट लावताना तेवढा गोल खरवडू, असं स्वतःशी म्हणत त्याने टिकली उपटली आणि प्रायमरवर हिरव्या रंगाचे तीन हात मारले. दोन दिवसांनी फुमिए कामावर असताना त्याने डिकी जोडायला घेतली. कडी ठेवली, बोल्ट आवळला, वर अस्तर बसवलं. खरवडायचं राहून गेलं. इतकं साधं झालं ते.

बरं, दिवे लागले ना! बोल्टच्या आट्यांनी भोकातला रंग जरासा सोलला असणार, तेवढ्यावर मागचे दोन्ही दिवे झकास लागत होते. दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीला तिघं गॅरेजवाल्याला मध्ये न घालता स्वतःच गाडी घेऊन गेले आणि पहिल्या फटक्यात पास झाले. नोरीने त्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघांना भाजलेली वाम खाऊ घातली.

तेरा महिन्यांनी, नोव्हेंबरात, बर्फमिश्रित पाऊस पडत असताना नोरी खिंडीतल्या बोगद्यातून बाहेर पडला आणि मागून मालट्रक आला. होशिना नावाचा ट्रकवाला रडत रडत सांगत होता, पुढे गाडी आहे हे दिसलंच नाही, मागे एकही दिवा नव्हता. पोलिसांनी बल्ब तपासले. धडकेच्या वेळी ते पेटलेले नव्हते, असंच निघालं. उजवीकडून गाडी चेपली होती, तारा तुटल्या होत्या, त्यात कोण खोलात शिरणार? अहवालात एक ओळ आली: घरी केलेल्या वायरिंगमध्ये दोष. नोरी वाचला. कमरेखालचा वाचला नाही.

घरी केलेलं वायरिंग म्हणजे फुमिए. त्या एका ओळीने तिला उभी चिरली. तिने कारखाना सोडला. भाऊ घरी आला, खालच्या खोलीत त्याचा पलंग लागला, आणि ही सकाळी त्याला सूप वाढता वाढता मध्येच थांबायची, बोटं अशी हलायला लागायची, हवेतच तारेवर कडी दाबून बसवल्यासारखी. कुठला जोड सैल राहिला, कुठला, कुठला. ट्रकवाल्या होशिनाची नोकरी गेली होती. ओबोनच्या सणाला आणि वर्षअखेरीला ती खाऱ्या तांदूळचकत्यांचा डबा घेऊन त्याच्या घरी जायची आणि उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ टेकायची. "माझ्या हातून घडलं. तुम्हाला त्रास झाला." मित्सुरू गाडी चालवत तिला न्यायचा आणि शेजारी बसून तोही कपाळ टेकायचा.

गेल्या वर्षीच्या एप्रिलात, बर्फ ओसरल्यावर, मोडकी गाडी पोलिसांच्या आवारातून शेडमध्ये आली. मित्सुरूने सहज म्हणून डिकीतलं अस्तर उचललं. सहज कसलं, मनात पाल चुकचुकलीच होती. बोल्ट काढला. कडीखाली त्याचाच हिरवा रंग होता, गुळगुळीत, अखंड, वर कडीचा गोल उमटलेला. भोकाच्या काठावर जिथे रंग सोलला होता, तिथे गंजाची बारीक रेघ; विजेची तेवढी एकच वाट, तीही बुजलेली. तो तिथेच जमिनीवर बसला. नंतर त्याने बोल्ट परत लावला, अस्तर दाबलं, ताडपत्री ओढली आणि जेवायला गेला. त्या दिवशी सांगितलं असतं तर सुटला असता बिचारा. पण ती म्हणाली, "आज कोबीचं सार केलंय," आणि त्याने वाटी पुढे केली.

या फेब्रुवारीत नोरीने एकदम टूम काढली.

"दाजी, गाडी पुन्हा उभी करायची."

"कुठली गाडी?"

"आपल्याकडे किती आहेत? हाताने चालवायचे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर बसवून मिळतात. आणि गिअर काय आहेत? ऑटोमॅटिक! फार हसत होतात ना मला?"

मित्सुरूने सांगून पाहिलं, सांगाडा वाकलाय, भाग मिळणार नाहीत, गुडघे दुखतात. नोरीने पलंगावर पडल्या पडल्या फोन फिरवून शेजारच्या प्रांतातल्या भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीचा मागचा अर्धा भाग मिळवला. मग मित्सुरू म्हणाला, मागचं सगळंच कापून नवं लावू, डावंही आणि उजवंही.

"डावं कशाला? धडकेतसुद्धा तो कोपरा हलला नाही. तुमच्या हातचं काम आहे ते, दाजी. ते कापायला निघालात तर मीच आडवा पडेन. तसा आडवाच आहे म्हणा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मला गाडीची एवढी हौस नाही राहिली हो. ताईला एकदा त्या शेडमध्ये आणायचंय. तारा उघडून तिने स्वतः बघू दे. उंदराने कुरतडलं असेल, काहीतरी निघेल. दोष सापडला की तिच्या मानगुटीवरचं भूत उतरेल. रात्री झोपेत बोटं हलतात तिची, तुम्हाला दिसत नाहीत का?"

दिसत होती. न दिसायला काय झालं? एकाच अंथरुणावर झोपत होते ती दोघं.

मार्चभर मित्सुरूने उजवी बाजू कापली, ओढली, जोडली. काम नेहमीसारखं चोख झालं. आणि एप्रिल लागताच, किती आढेवेढे घेऊन, फुमिए म्हणाली, "रविवारी बघते तारा."

बुधवारी ती नोरीला घेऊन इस्पितळाच्या गाडीने व्यायामासाठी गेली. मित्सुरूने शेडचं शटर आतून ओढलं आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा डिकीपाशी उकिडवा बसला. त्याला सगळं कळत होतं. रविवारी ती सहाही बोल्ट उघडणार. सहाव्याखाली रंग दिसला की संपलं. रंग नसला तर तिला काहीच सापडणार नाही, आणि मग दोष आपल्याच कुठल्यातरी जोडात होता असं ती मरेपर्यंत धरून चालेल. हे कळत असूनही त्याने पॉलिश पेपर हातात घेतला. लाज वाटत होती, कानशिलं तापली होती, आणि हात मात्र चालतच होते. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. रुपयाएवढा गोल, कड अगदी रेखीव. खाली सांडलेली हिरवी भुकटी त्याने ओल्या फडक्याने टिपून घेतली. शेवटी कापड फिरवून पत्रा लखलखीत केला. वाईट काम वाईट तऱ्हेने करणंसुद्धा त्या माणसाला जमत नव्हतं.

रविवारी ऊन होतं. शेडच्या छपरावरून वितळलेलं बर्फ टपटपत होतं. रॉकेलच्या स्टोव्हशेजारी खुर्चीत नोरी, मांडीवर भाताच्या मुटक्यांचा डबा. फुमिएने जुना कामाचा कोट घातला होता, आणि दीड वर्षाने तिच्या हातात मीटर होता.

"ताई, मी उंदरावर पैज लावतो. दाजी, तुम्ही?"

"कामात बोलू नको," मित्सुरू म्हणाला.

"बघ, घाबरले. त्यांच्याच शेडमधला उंदीर ना!"

फुमिए थोडंसं हसली. कितीतरी दिवसांनी. मित्सुरूला ते बघवेना, तो पाने-पक्कडी नीट लावत बसला.

तिने पुढून सुरुवात केली. पहिला बोल्ट काढला, कडी बाजूला केली, हातातल्या बॅटरीच्या उजेडात पाहिलं. उघडा पत्रा इतक्या दिवसांत काळपट तपकिरी झाला होता, कपाच्या बुडाचा चहाचा डाग असावा तसा. मीटर लावला. "हा ठीक." दुसरा तसाच, तपकिरी. "ठीक." तिसरा. चौथा. पाचवा सीटच्या मागे होता, तिथे ती अर्धी आत शिरली आणि आतूनच ओरडली, "हाही ठीक!" आवाजात जरा धार आली होती. कामाची लय सापडली होती तिला.

मग ती डिकीपाशी आली. अस्तर उचललं. बोल्ट फिरवला, कडी उचलली.

आणि तेव्हा, फक्त तेव्हा, मित्सुरूच्या डोक्यात उजेड पडला. पाच जागा तपकिरी. सहावी लखलखीत. दोन वर्षांहून जास्त काळ जो पत्रा कडीखाली बंद होता, तो आज सकाळी घासलेल्या पातेल्यासारखा चमकत होता. अडतीस वर्षं जो माणूस गंजाचा रंग बघून गाडीचं वय सांगत होता, त्याला गंज ठेवायचं सुचलं नाही.

फुमिए वाकलेली होती. ती तशीच राहिली. बॅटरीचा उजेड त्या गोलावर होता, जराही हलत नव्हता. मग तिने बोट लावून ती रेखीव कड चाचपली, सावकाश, पूर्ण गोल. असा गोल या घरात दुसरं कोण काढणार?

तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मित्सुरूने खाली पाहिलं.

"काय गं, सापडला का उंदीर?" नोरीने विचारलं.

छपरावरून पाणी टपटपत होतं. मित्सुरूने तोंड उघडलं. "नोरी, ऐक, मी..."

"अहो, दहाचा पाना द्या," फुमिए म्हणाली.

त्याने दिला. तिने कडी जागेवर ठेवली, बोल्ट आवळला, आणखी अर्धा फेरा दिला.

"इथेही ठीक आहे," ती भावाला म्हणाली. "उंदीरबिंदीर काही नाही रे. माझाच जोड कुठेतरी सैल राहिला असणार. उजवीकडचा. ते सगळं चेपून गेलं, आता कळायचं नाही."

नोरीचा चेहरा उतरला. "असं कसं? पुन्हा एकदा बघ ना, ताई."

"बघितलं. चल, ऊन गेलं, गारठशील."

स्वयंपाकघरात तिने नळ मोठा सोडला आणि मुळे धुवायला घेतले. मित्सुरू दारात उभा राहिला. खालच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता.

"बुधवारी केलंत?" तिने पाठ न वळवता विचारलं.

"हो."

"खाली रंग होता."

"हो. टिकली मी काढली. खरवडायचं राहिलं."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"गेल्या एप्रिलपासून."

ती मुळा घासत होती, पांढरा झाला तरी घासतच होती. "होशिनांच्या उंबऱ्यावर आपण तीनदा गेलो. पहिल्यांदा तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे दोनदा ठाऊक असून तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मी म्हणत होते, माझ्या हातून घडलं. आणि तुम्ही ऐकत होतात."

"सांगणार होतो, फुमिए."

"कधी?"

तो खालच्या खोलीकडे वळला. "मी आत्ता जातो. त्याच्या पाया पडतो. सगळं सांगतो."

"बसा खाली."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना!" तिने नळ बंद केला. डोळे कोरडे होते. "सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मग संध्याकाळी त्याला टबात कोण उतरवणार? मी? ऐंशी किलोचा माणूस माझ्याच्याने उचलवतो? रोज तीन वेळा तो तुमच्या गळ्यात हात टाकतो. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, संध्याकाळी आंघोळीला. तेवढाच एक गळा आहे त्याला या जगात. तो सुद्धा काढून घेणार?"

"मग तू? तू किती दिवस..."

"माझं काय? मला आता खरं कळलंय, मी झोपेन. पण तो विचारील तेव्हा मी माझंच नाव सांगणार, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकायचं. ओबोनला होशिनांकडे जायचं. डबा तुम्ही धरायचा." तिने मुळा पाटावर ठेवला आणि सुरी घेतली. "पाणी तापलंय. जा, घेऊन या त्याला."

मित्सुरू गेला. नोरीने सवयीने दोन्ही हात वर केले, त्याने वाकून मान पुढे केली, आणि ते दोन्ही हात गळ्यात पडले. एक, दोन, तीन म्हणत त्याने उचललं. आंघोळघरातल्या बुटक्या स्टुलावर बसवलं, पाठीशी गुडघा लावून आधार दिला, टबातलं ऊन पाणी तांब्याने खांद्यावर ओतलं.

"दाजी, धापा टाकताय. माझं वजन वाढलं का?"

"नाही."

"मग तुम्हीच म्हातारे झालात. जपा हो स्वतःला. तुम्ही आडवे झालात तर मला काय क्रेनने उचलणार?" तो हसला. मग पाठमोराच म्हणाला, "ताईला जरा समजवा तुम्ही. तिचा माझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लावून घेते. मी तर कधीच सोडून दिलंय. माणूस आहे, चुकतं हातून. आता सगळेच काय तुमच्यासारखे नसतात."

मित्सुरूचा हात थांबला. साबणाचं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"नोरी."

"काय?"

सरकत्या दाराबाहेर फुमिएच्या सपाता वाजत येत होत्या. त्या दाराशी येऊन थांबल्या.

"काही नाही," मित्सुरू म्हणाला. "डोळे मीट. साबण जाईल."